वाड्यात कोण कुठपर्यंत

जळगावहून जामोदच्या वाटेला लागलं की सातपुडा समोर उभा राहतो. खानदेशातल्या जळगावशी गोंधळ होऊ नये म्हणून आमच्या तालुक्याचं नावच जळगाव जामोद असं जोडून घेतात. त्या पहाडाच्या पायथ्याला एका गावात आमचा वाडा होता. घर पाटलाचं. आम्ही चुलत-आत्ये भावंडं तिथंच वाढलो, कोणी बारा महिने, कोणी दिवाळी-उन्हाळ्यापुरती. आता आमच्यातला धाकटाही साठीला टेकला आहे. एकत्र जमलो की मोठ्या मायच्या, म्हणजे आजीच्या, हातचं बेसन निघतं, खळ्यावरची झोप निघते, कापसाच्या गंजीत मारलेल्या उड्या आणि नाकातोंडात गेलेला तो कापूस निघतो. या आठवणींत आनंद आहे आणि तो खरा आहे. पण अलीकडे आमच्या बोलण्यात आणखी एक विषय येतो. तो मोठ्या ताईनं काढला. वाड्यात कोणी कुठपर्यंत यायचं, हे आपल्याला शिकवलं कोणी, असं तिनं विचारलं.

शिकवलं कोणीच नाही, तरी पाच वर्षांच्या पोराला ते पाठ असे. कापसाचे व्यापारी थेट बैठकीत, गादीवर लोडाला टेकून. शाळेतले गुरुजी ओसरीवर, खुर्चीत. शिंपीचाचा ओसरीच्या पायरीवर. माप घ्यायचं तर आम्हीच खाली उतरायचो. बौद्धवाड्यातली माणसं ढाळजेत, आणि काम अंगणात असेल तर काम होईपर्यंतच अंगणात. पहाडातून येणारे कोरकू आणि निहाल मागच्या दारानं यायचे, ते गुरांच्या कोठ्यापर्यंत. फासेपारध्यांचं पाल गावाबाहेर पडलं की त्या दिवशी आम्हाला अंगणातही सोडत नसत. तितर-लावे विकायला त्यांच्या बाया ढाळजेसमोर उभ्या राहिल्या तर बाबा पैसे देऊन त्यांना पटकन वाटेला लावायचे. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, पारधी त्यात ओढले गेले आणि 1952 साली तो शिक्का सरकारनं पुसला. आमच्या वाड्यात तो त्यानंतरही पंचवीस-तीस वर्षं शाबूत होता.

कोठ्याच्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यात तीन-चार कप उपडे ठेवलेले असत. ते अल्युमिनियमचे होते असं दादा म्हणतो. ताई म्हणते, चिनी मातीचे, निळ्या काठाचे, घरात कान तुटला की तो कप देवळीत जायचा. मला ताईचं बरोबर वाटतं. चहा वरून ओतायचा, चहाचं भांडं कपाला टेकता कामा नये. पिणारानं पिऊन झाल्यावर कप विसळून पुन्हा उपडा घालायचा. पाणी गडव्यातून ओंजळीत. हे सगळं इतक्या सहज चालायचं की त्यात कोणाचा आवाज चढलेला आम्हाला आठवत नाही. अस्पृश्यता पाळणं हा 1955 च्या कायद्यानं गुन्हा झाला होता आणि आमचे आबा कायदा जाणणारे होते, कज्जेदलालीसाठी खामगाव-अकोल्याला जाणारे. तरी देवळीकडे कायदा आलाच नाही.

बैठकीत पंजाबराव देशमुखांचा फोटो होता, हाराचा. आबा त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि त्यांचं नाव निघालं की ताठ बसत. कुणब्याच्या पोरांसाठी 1932 साली अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढणारा, दिल्लीत दहा वर्षं कृषिमंत्री राहिलेला माणूस, एवढं आम्हाला तोंडपाठ होतं. ज्या भाऊसाहेबांनी 1927 साली अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून अमरावतीत पुढाकार घेतला, ते भाऊसाहेब मात्र आबांनी आम्हाला कधी सांगितले नाहीत. ते आम्हाला कॉलेजात, पुस्तकातून कळलं. आबांना ते माहीत नसेल हे शक्य नाही. त्यांनी आपल्याला पेलेल तेवढाच माणूस फ्रेममध्ये घातला होता.

मोठी माय निराळी. तिला नवसाला सैलानीबाबा चालायचा. आत्याच्या अंगात कणकण मुरली होती तेव्हा ती बैलगाडीनं, मग एसटीनं पिंपळगाव सराईला गेली, होळीच्या यात्रेत नारळ टाकून आली, दर्ग्यावरचा धागा आत्याच्या दंडाला बांधला. मोहरमात सवारी वाड्यापुढं थांबली की ती स्वतः पाणी घालायची. शिंपीचाचाचा कप तरीही वेगळा होता, आणि बाबा पावतो पण चाचाचा कप चालत नाही, हे तिला कधी खटकलं असेल असं वाटत नाही.

तिच्याबद्दलची एक आठवण आम्ही सगळेच सांगतो आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो. वेचणीचे दिवस होते. पहाडातून आलेल्या टोळीतल्या एका बाईला कोठ्यातच कळा सुरू झाल्या. सुईण दुसऱ्या गावाला गेलेली. मोठी माय कंदील घेऊन कोठ्यात गेली ती पहाटेपर्यंत बाहेर आली नाही. नाळ तिनं कापली. पोर रडलं नाही तेव्हा त्याच्या तळव्यांना तिनं चोळ चोळ चोळलं, आणि ते रडल्यावर बाहेर उभ्या असलेल्या काकूला म्हणाली, ‘गूळ आण, तूप आण, पयले तिले खाऊ घाल.’ पुढचे पाच दिवस त्या बाईला घरातून ताट गेलं, डिंकाचा लाडू गेला. मोठी माय पहाटे कोठ्यातून निघाली ती न्हाणीत गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं पिळून बाहेरच वाळत घातलं आणि मग घरात शिरली. ज्या पितळी ताटात त्या बाईला जेवण गेलं, ते ताट पुन्हा स्वयंपाकघरात आलं नाही. तिलाच देऊन टाकलं.

दादा म्हणतो, बाळंतपणाचा विटाळ तर सगळ्यांचाच धरत, त्यात जात कुठं आली? ताई म्हणते, काकूच्या बाळंतपणात कोणतं ताट बाहेर दिलं, सांग. यावर दादाकडे उत्तर नाही, पण तो हटतही नाही. रात्रभर त्या पोराचे पाय चोळणारी आजी त्याला हवी आहे. ती आम्हाला सगळ्यांनाच हवी आहे. मला एवढंच वाटतं की चोळणारे हात आणि ताट देऊन टाकणारे हात तिचेच होते, आणि तिची आठवण काढायची तर दोन्ही हातांची काढावी.

दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला की पहिल्या वेचणीला सीतादही व्हायची. दहीभाताचा नैवेद्य, झाडांवर दह्याचे शिंतोडे, मग बाया ओट्या बांधून ओळीनं तासात शिरायच्या. संध्याकाळी वाड्यामागं काटा लागायचा. सकाळच्या कापसात दव असतं, तो वजनाला जड भरतो, म्हणून गाठोड्यामागं थोडं कापायची रीत होती आणि ती सगळ्यांनाच मान्य होती. पण गावातल्या बायांचं फक्त सकाळच्या वेच्याचं कापलं जायचं आणि पहाडातल्यांचं दुपारच्या वाळल्या कापसाचंही. काका हे लपवत नसत. त्यांना काय हिशेब कळते, असं काट्याजवळ उभं राहूनच म्हणत.

त्या टोळीत एक म्हातारी होती. कंदील धरायचं काम तेव्हा धाकट्याकडे असे, म्हणून ही गोष्ट तो सर्वांत नीट सांगतो. हप्त्याच्या चुकाऱ्याच्या दिवशी तिनं कमरेची चिंधी सोडली. आत ज्वारीचे दाणे होते. तिनं ते काकांसमोरच्या फळीवर ओतले आणि बोटानं एकेक बाजूला सारत गेली. सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे. एक शब्द बोलली नाही. काकांनी वही काढली, वहीत पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं आणि पेटी पुन्हा उघडली. राहिलेले पैसे त्यांनी सगळ्या टोळीला दिले. घरात मात्र दुसऱ्या दिवशी एवढंच ऐकू आलं की, पहाडातली माणसं आता हुशार व्हायला लागली, जपून राहा.

आम्ही पोरं तेव्हा एक खेळ खेळायचो. दोघांनी समोरासमोर उभं राहून तोंडाला येईल ते निरर्थक बडबडायचं. त्याचं नाव ‘कोरकू बोलणं’. मोठी माणसं हसायची. त्या टोळीतले सगळे कोरकू नव्हते, काही निहाल होते, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि मोठ्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. कोरकू लोक निहालांना आपल्यापेक्षा खालचे मानत, त्यांच्याकडून राबवून घेत. ज्यांना आम्ही कोठ्याच्या पुढं येऊ देत नव्हतो, त्यांच्यातही आणखी एक उंबरा होता.

आमच्यातला एकजण पुढं शिक्षक झाला आणि काही वर्षं पायथ्याच्या आश्रमशाळेत होता. वाचायची त्याला खोड. जामोद, सोनबर्डी, वसाळी या भागात निहाल जी भाषा बोलतात तिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही, हे आम्हाला त्याच्यामुळं कळलं. इंग्रजी अमदानीतल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणानं तिला कोरकूच्या मुंडा कुळात बसवलं होतं. 1962 साली क्यूपर या डच पंडितानं तिच्यावर पुस्तक लिहिलं. कोरकूचे, मराठी-हिंदीचे, द्राविडी भाषांचे उसने शब्द बाजूला काढल्यावर सुमारे चौथाई शब्द असे उरले की त्यांचं मूळ कुठंच सापडेना. आज ती बोलणारे दोन-अडीच हजार असतील. म्हणजे जगात दुसरीकडे कुठंही न ऐकू येणारी भाषा आमच्या कोठ्यात, चुलीभोवती, दर हिवाळ्यात बोलली जात होती आणि भिंतीच्या अलीकडे आम्ही तिची नक्कल करत होतो.

त्यानं रसेल आणि हिरालाल यांचं 1916 चं मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचं पुस्तकही दाखवलं. त्यात निहालांची ओळख लुटारू पहाडी लोक म्हणूनही आहे. क्यूपरनंही, ही चोरांची सांकेतिक बोली तर नसेल, अशी शंका बोलून दाखवली होती. मोठी माय शाळेत गेली नव्हती आणि तिनं ही पुस्तकं पाहिली असणं शक्य नाही. कोठ्याला रात्री बाहेरून कडी घालताना ती जे पुटपुटायची, ते मात्र हेच होतं. साहेबानं गावाकडून ऐकून लिहिलं की गावानं साहेबाकडून उचललं, याचा उलगडा मला होत नाही; दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला एवढं दिसतं.

शाळेत तो मुलांना विचारायचा, घरी काय बोलता? उत्तर ठरलेलं: कोरकू. सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही निहाल कोरकूच्याच नोंदीखाली येतात. महिनोन्‌महिने गेल्यावर एका मुलानं त्याला एकट्याला गाठून आपल्या भाषेत काही सांगितलं आणि वर्गात बोलू नका म्हणाला. कोरकू पोरं हसतात.

हसणं काय करतं हे दादाला चांगलं ठाऊक आहे. बारावीनंतर तो पुण्याला गेला. पहिल्या महिन्यात वर्गात उभा राहून त्यानं उत्तर दिलं तेव्हा मास्तरांसकट वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं. खोलीवरची पोरं त्याला ‘बोल ना, वऱ्हाडी बोल’ म्हणून रात्री उठवायची, पाहुणे आले की पुढं करायची. त्याला ती मंडळी वाईट वाटली नाहीत, त्यांनी त्याला आजारपणात डबाही आणून दिला. पण वर्षभर तो वर्गात तोंड उघडत नव्हता. दिवाळीत घरी आला तो छापील बोलायला लागला होता. काकूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काऊन रे, आता आमचं बोलणं समजत नाही का तुले?’ ते तो अजून विसरलेला नाही. पुण्यातल्या त्या वर्गाबद्दल आजही बोलताना त्याचा आवाज चढतो. कोठ्याबद्दल बोलताना मात्र तो म्हणतो, त्या काळी तसंच होतं. ताई त्याला तिथं सोडत नाही. आणि ती सोडत नाही हे बरंच आहे, कारण काळावर ढकललं की माणसं सुटतात.

आता शेती पुतण्या आणि सूनबाई बघतात. वेचणीला बऱ्हाणपूर-खंडव्याकडून गाड्या भरून माणसं येतात. काटा इलेक्ट्रॉनिक आहे. पोरी आकड्याचा मोबाइलवर फोटो काढतात, दव-बिव कोणी कापू शकत नाही. चहा कागदी कपात. जुना प्रश्न मिटला, असं धाकटा म्हणाला. सूनबाईनं ऐकलं आणि ती सरळ म्हणाली, ‘तुम्ही आले की स्टीलचा काढतो आम्ही. त्यांच्यासाठी कागदी. मी यंदा सगळ्यांनाच स्टीलचे आणले.’ तिला यावर आणखी काही बोलायचं नव्हतं, ती उठून गेली.

यंदा घराण्याची वही छापायची टूम निघाली आहे. वंशावळ, फोटो, वाड्याचा नकाशा. त्यात वाड्यात राबलेल्या माणसांचं एक पान असावं, हा ताईचा हट्ट. आम्ही लिहायला बसलो. कोठ्यातल्या बैलांची नावं भराभरा निघाली, कोण मारका, कोण कोणत्या बाजारातून आणलेला, हेसुद्धा. दाणे मोजणारी म्हातारी आमच्याकडे वर्षानुवर्षं येत होती. तिचं नाव कोणालाच येईना. काकांच्या जुन्या वह्या काढल्या. त्यांत गावातल्या बायांची नावं होती आणि पुढं ‘पहाडी – 14’ असा आकडा.

शिक्षक भाऊ म्हणाला, सोनबर्डीत विचारून पाहतो, तिथं त्याचे जुने विद्यार्थी आहेत. तिच्या टोळीतलं कोणी, कोठ्यात जन्मलेलं ते पोर निदान, सापडेल. ते आज पन्नाशीच्या घरात असणार. ताईनं त्याच्यासोबत जायचं ठरवलं आहे. दादा आधी नको म्हणाला, मग गाडी मी चालवतो म्हणाला. ते पान तोवर कोरं ठेवून बाकीची वही छपाईला द्यायची का, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.