समोरची खुर्ची

पणजीच्या जुन्या सचिवालयालगत आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळी येथे जन्मलेले हे गोमंतकीय पाद्री पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येचे आद्य अभ्यासक म्हणून गाजले. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडविलेल्या या शिल्पात ते एका स्त्रीसमोर दोन्ही हात पसरून उभे आहेत. सरकारी नोकरीच्या निमित्ताने कित्येक वर्षे मी त्या पुतळ्यासमोरून ये-जा केली. परंतु त्या दोन माणसांमधील अंतर किती थोडे आहे, हे ध्यानात आले ते निवृत्तीनंतर, प्रसंग स्वतःवर आला तेव्हा.

२०२१ साली माझी पत्नी निवर्तली. झोप उडाली, वाचन सुटले, आंघोळही दुपारपर्यंत राहू लागली. परदेशी असलेल्या थोरल्या मुलाने पुण्यातील एका समुपदेशकांची संगणकावरून भेट ठरवून दिली. गृहस्थ अभ्यासू व प्रेमळ होते. दर शनिवारी सायंकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसे. शर्टाखाली मात्र दोन दिवसांची मळकी लुंगी असे. एखादी टिप्पणी लिहावी तसे मी स्वतःविषयी मुद्देसूद बोलत असे. पेडण्यातील आमचे घर जुने; खोल्यांच्या भिंती कौलांपर्यंत पोहोचत नाहीत. माजघरातला शब्द स्वयंपाकघरात ऐकू जातो. सूनबाई ऐकेल या संकोचाने जे बोलायचे तेच मी गिळून टाकी. सहा बैठकींनंतर त्यांनीच सुचविले, ‘आपण जवळपास कोणाला तरी प्रत्यक्ष भेटावे.’

म्हणून म्हापशातील एका समुपदेशिकेकडे गेलो. सकाळी उठून दाढी केली, बस धरली, कोलवाळचा पूल ओलांडला. खोलीत शिरून बसलो आणि नेहमीच्या मुद्द्यांना आरंभ केला. बाईंनी काही वेळ ऐकून घेतले आणि हळूच विचारले, ‘काका, पिशवी खाली ठेवता का?’ मी पाहिले, तर मांडीवरची कापडी पिशवी मी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पत्नीला इस्पितळात नेताना घेत असू तीच ती पिशवी. आत तिची फाईल अजून तशीच होती. ती मला खाली ठेवता येईना. त्या दिवशी मी प्रथमच रडलो. पडद्यावर ती पिशवी कधी दिसलीच नसती, कारण पडद्याला किती दाखवायचे हे मीच ठरवीत होतो.

आपल्या गोव्यात या बाबतीत मोठे काम झाले आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगात’ या संस्थेने ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वैद्यकाचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना तयार करून दवाखान्यांत बसविण्यात आले. सरकारी आरोग्य केंद्रांत त्यांची मदत मिळालेले सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्याच उपचारावर राहिलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. ही तुलना संगणकावरील उपचारांशी नव्हती, हे खरे. तरीही जाणत्या माणसाने समोर बसून ऐकण्याचे मोल तीतून कळते. पुढे याच संस्थेने नैराश्यासाठी आखलेल्या उपचाराचा गाभा तर रुग्णाला हळूहळू पुन्हा हालचालीस व नित्यकर्मास लावणे हाच होता. माझ्या बाबतीत ते काम म्हापशाच्या बसनेच निम्मे केले.

दूरस्थ उपचारांना मी नावे ठेवीत नाही. सौम्य व मध्यम नैराश्यात सरासरीने त्यांचा गुण प्रत्यक्ष भेटीइतकाच येतो, असे अनेक अभ्यास सांगतात. ऐन पावसात डिचोलीच्या एखाद्या आडवाड्यावरून बाहेर पडणे ज्यांना अशक्य, त्यांना फोन हाच आधार. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर तो क्रमांक अवश्य फिरवावा. पण सरासरीत प्रत्येक माणूस मावत नाही. जन्मभर चेहरा सावरून वागलेल्या आमच्या पिढीला पडदा ही आणखी एक आडोशाची जागा होते. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणे घालायचे तरी देवळात जाऊन, देवापुढे उभे राहूनच घालतात.

म्हणून परगावी असलेल्या मुलांना माझी एक विनंती आहे. आईवडिलांना संगणक जोडून द्याच. परंतु पहिल्या एक-दोन भेटींना त्यांना हाताशी धरून प्रत्यक्ष न्या. मागल्या पावसाळ्यात दोन वेळा बाईंशी मी फोनवरूनच बोललो आणि मनातले बोलू शकलो, कारण पलीकडची खुर्ची, खिडकी आणि त्यांचे थांबून ऐकणे मला ठाऊक होते.

पत्नीची फाईल आता कपाटात आहे. मी भेटीची वेळ मुद्दाम शुक्रवारची घेतो. म्हापशाचा बाजार भरलेला असतो. परतताना त्याच पिशवीतून सूनबाईने सांगितलेली भाजी घेऊन येतो.