दोरी कुठं बांधली होती?

चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर
रविवार, दुपार

चि. ताई,


परवा रात्री तू फोनवर हसत सांगितलंस, "मामा, तुमच्या एमआयडीसीच्या वळणावरच गाडी बंद पडली, पण दोघं देवमाणसं भेटली. पिकअपला दोरी बांधून ओढून नेली, काही झालं नाही." मी विचारलं, दोरी कुठं बांधली होती? तू म्हणालीस, "खाली कुठंतरी." त्या 'कुठंतरी'नं माझी झोप उडवली. फोनवर तू नुसतं हो-हो करतेस, म्हणून कागद घेतला.

आमच्या शेडमध्ये चेन ब्लॉक असो की स्लिंग, किती वजन उचलायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. १९४८ च्या कारखाने कायद्याचं २९वं कलमच तसं सांगायचं. शिवाय १२ महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी. लटकत्या ओझ्याखाली कुणी उभं राहिलं तर फोरमन सगळ्यांदेखत झाडतो. तोच फोरमन शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर गाडी जॅकवर चढवतो आणि मुंडकं खाली घालून बघतो. गंमत म्हणजे याच वसाहतीत प्रिसिजन कंपनीचे कॅमशाफ्ट घडतात, परदेशातल्या गाड्यांच्या इंजिनात जाऊन बसतात. आणि जॅक कुठं लावायचा, हे आमच्यातल्या निम्म्यांना पुस्तक उघडून बघावंसं वाटत नाही.

मलाही वाटलं नव्हतं. पाकणीजवळ पावसाळ्यात टायर बसला. डांबरावर ट्रकची भीती, म्हणून गाडी कडेच्या काळ्या मातीत घेतली. जॅक लावला पत्र्याला. आधी पत्रा आत गेला, मग जॅक मातीत गेला, आणि चाक काढलेली गाडी धप्पदिशी ब्रेकच्या ड्रमवर बसली. पाना पडला म्हणून मी हात बाहेर काढला होता, एवढंच माझं नशीब. तेव्हापासून डिकीत एक जाड फळी असते. जॅक फळीवर, आणि वर दाराखालच्या कडेला जिथं खाच दिलीय तिथंच. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड, कारण हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. त्यातलंच एक उचललंस तर अर्धा ब्रेक हवेत गेला. काढलेलं चाक जॅकशेजारी गाडीखाली सरकवून ठेवायचं. गाडी पडलीच तर चाकावर पडेल.

आता तुझी दोरी. बंपरला बांधली तर बंपर निघतो, चाकाच्या आर्मला बांधली तर अलाइनमेंट जातं. त्यासाठी कंपनी एक लोखंडी रिंग देते. बंपरवर एक झाकण असतं, ते काढून आत ती पिळून बसवायची, शेवटच्या आट्यापर्यंत. आणि ओढणाऱ्यानं हिसका द्यायचा नाही. गाडीचं वजन साधारण एक टन, आणि हिसक्याला दोरीवर येणारा ताण संथ ओढीच्या कितीतरी पट. तुटलेला हुक गोफणीतल्या दगडासारखा येतो.

स्टिअरिंग दगडासारखं झालं आणि ब्रेक लागेना, म्हणालीस ना? इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मिळणारी मदतही बंद. दोन-तीनदा दाबलं की संपली. किल्ली मात्र चालूच हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. १९८९ च्या रस्ते-नियमांत ओढणाऱ्या गाडीला ताशी २४ किलोमीटरची मर्यादा होती आणि दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत हवं होतं. तुझा पिकअपवाला किती वेगानं गेला, हे मी विचारत नाही.

पण माझा खरा घोर वेगळाच. तुझी गाडी ऑटोमॅटिक. तिच्या गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतायत, म्हणजे आतले दातेरी भाग कोरडे घासणार. अशी गाडी इंजिनावर फिरणारी चाकं उचलून न्यायची, त्याहून बरं म्हणजे अख्खी गाडीच फ्लॅटबेडवर चढवायची. इलेक्ट्रिक घेतलीस तर फ्लॅटबेडच. तिथं चाक फिरलं की मोटरही फिरते आणि वीज तयार होऊ लागते. उचलून न्यायची ही युक्ती तशी जुनी. अमेरिकेत चॅटनूगाच्या अर्नेस्ट होम्सनं १९१६ मध्ये जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली. ओढ्यात पडलेली एक गाडी दोरखंडांनी बाहेर काढताना तासन्‌तास गेले होते, त्याचा तो वैताग.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावलं की क्रेनची सोय होते. तू लावलं नाहीस, कारण ती दोघं आधीच दोरी घेऊन वाकली होती आणि तुला नको म्हणवेना. हे मी ओळखतो. आपल्याकडे गाडी बंद पडली की चार जण थांबतात, आणि चौघांनाही घाई. "काय होत नाय बघा, चला ओढू की!" असं कुणी प्रेमानं म्हटलं की पुस्तक काढून बसणं उद्धटपणा वाटतो. मी तर त्यांना पाणी आणायला सांगतो. पाणी मला नको असतं. तेवढ्या वेळात मी रिंग शोधतो आणि दगड लावतो.

गाडी शोरूमला दाखवलीस की गिअरबॉक्सचं तेल बघायला सांग, काळं किंवा जळका वास असेल तर मला कळव. आज डिकीत स्टेपनीखाली हात घाल, रिंग तिथंच असणार. सापडली की फोटो पाठव. दिवाळीत दिलेली लांबोटीच्या चिवड्याची पिशवीही तिथंच असेल. मऊ पडला असेल तर खाऊ नकोस.

तुझा
मामा