पाठीवरची पिशवी

मुलुंडास आमचें बिऱ्हाड. गच्चीवर उभें राहिलें म्हणजे पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर हिरवेगार दिसतात. पण डोंगर असा घराच्या पाठीशीं असला, तरी कान्हेरीचीं लेणीं पाहावयाचीं तर दादरास गाडी बदलून बोरिवली गांठावी लागते. गेल्या श्रावणांत नातवंडांस घेऊन आम्ही असेच निघालों. खांद्यावर कॅनव्हासची जुनी पिशवी होती; शाळेच्या सहलींत वीस वर्षें ती आमच्यासवें हिंडलेली. वाटेंत सर आली. कॅनव्हास पोटभर पाणी प्याला, आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर तो एकांगी भार असा कांहीं झुकला कीं, आम्ही शेवाळावरून घसरून खालीं बसलों. गुडघा खरचटला, एवढेंच. परंतु थोरल्या नातीनें एक अक्षर न बोलतां पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि रात्रीं पानावर बसतांना चिरंजीव म्हणाले, "नाना, आतां डोंगर पुरे." गुडघ्यापेक्षां हें वाक्य अधिक झोंबलें.

दुसऱ्या दिवशीं नातीनें विमानाचें सामान तोलावयाचा लहान ताणकाटा आणला. वाळलेली रिकामी पिशवीच १ किलो ७५० ग्रॅम भरली; स्टीलचे डबे, थर्मास, छत्री, सतरंजी व दोन ग्रंथ घालतांच ८ किलो! एका दिवसाच्या पायपिटीस शरीराच्या वजनाच्या दशमांशाहून अधिक ओझें नसावें, असें डोंगर चढणारे सांगतात. आम्ही ५८ किलो. म्हणजे मर्यादा ५ किलो ८०० ग्रॅम. त्यांतून २ लिटर पाण्याचे २ किलो वजा करावे लागतात, व त्यांत काटकसर करूं नये. कान्हेरीस खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं पुष्कळ आहेत, पण तीं तेथें राहणाऱ्या भिक्षूंच्या सोयीचीं. त्या भिक्षूंस विनयाप्रमाणें आठच वस्तू जवळ बाळगावयाच्या: तीन चीवरें, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचें फडकें. 'अपरिग्रह' या शब्दाचा विग्रह आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिला असेल! खांद्यावर मात्र कधीं उतरला नाहीं.

मग स्टेशनाजवळच्या दुकानांत गेलों. दुकानदारानें ५० लिटरची भली थोरली पिशवी पुढें केली. "यांत सगळें मावेल," म्हणाला. तोच तिचा दोष. कोठी आणि पिशवी जेवढी मोठी, तेवढी भरतेच. आम्हीं २२ लिटरची, ६०० ग्रॅम वजनाची नायलॉनची पसंत केली. मान खालीं घातली असतां मानेच्या तळाशीं जें हाड वर येतें, तेथपासून कमरेच्या हाडापर्यंत नातीनें आमची पाठ फितीनें मापली. पिशवी त्याखालीं लोंबतां कामा नये. दोन्ही पट्टे रुंद व मऊ हवेत, आणि छातीवरचा आडवा पट्टा अवश्य असावा. त्यामुळें खांद्यावरचे पट्टे घसरत नाहींत. मोठ्या पिशवींत कमरेचा जाड पट्टा भार खांद्यावरून कमरेवर घेतो. लहानींत तो पिशवी हालूं देत नाहीं, इतकाच त्याचा उपयोग. रिकामी पिशवी सर्वांनाच शोभते, म्हणून तींत दुकानांतलेंच सामान भरून आम्ही जिना दोनदां चढलों उतरलों. दुकानदार हंसला, हंसूं दिलें. याहूनही हलकी एक होती, परंतु तिचें कापड करवंदीच्या कांट्यापुढें टिकेलसें वाटलें नाहीं.

पावसाचें म्हणाल, तर 'पाणी लागत नाहीं' या चिठ्ठीवर विश्वासूं नये. शिवणींतून तें शिरतेंच. आंत दुसरी जलरोधक पिशवी घालावी. पाण्यासारखें जड सामान पाठीलगत, मध्यभागीं ठेवावें. म्हणजे तोल मागें जात नाहीं. खाऊ आंत खोल. कान्हेरीचीं माकडें हातांतला पुडा पाहून वाट अडवितात. आणि लोकलगाडींत ती पिशवी छातीशीं घ्यावी, हें मुंबईकरांस सांगणें नलगे.

कार्तिकांत पुन्हां बेत केला. निघतांना सौभाग्यवतींनीं लाडवांचा स्टीलचा डबा पुढें केला. नातीनें काटा आणला. डबा घरीं राहिला. लाडू केळीच्या पानांत बांधले. चिरंजीवांनीं पिशवी एका हातानें उचलून पाहिली, आणि कांहीं न बोलतां दाराची कडी काढली.