ओट्यावरचा डाव

लखनौला अभ्यागत प्राध्यापक म्हणून आलो तेव्हा अतिथिगृह नाकारून मी अमीनाबादेतील एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केले. सहकाऱ्यांना तो शुद्ध वेडेपणा वाटला. अमजद अली शाहांचे वजीर अमीनुद्दौला यांचे नाव मिरवणाऱ्या या बाजारात दुपारनंतर पाऊल ठेवायला जागा नसते. चिकनचे कुर्ते, अत्तरे, कबाबांचा धूर, आणि बांगड्यांच्या त्या प्रसिद्ध गल्लीचे नावच मुळी ‘गडबडझाला’! पण माझ्या खिडकीखाली एका बंद दुकानाचा ओटा आहे. संध्याकाळी तिथे दोन वृद्ध गृहस्थ बुद्धिबळाचा पट मांडतात. एक जन्मभर जरदोजीचे काम केलेले, दुसरे टपालखात्यातून निवृत्त झालेले. भोवती पाचसात जण उभे असतात. त्यांपैकी निम्मे सल्ला देतात आणि उरलेले सल्ला देणाऱ्यांना गप्प करतात. एकेका चालीला दहा दहा मिनिटे लागतात. त्या घोळक्यात माझीही जागा ठरून गेली.

२०२५ च्या जून महिन्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास, पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो तिथे अभियांत्रिकीला आहे. बराच वेळ तो पावसाविषयी बोलत राहिला. मग म्हणाला, “मामा, आईला एवढ्यात कळवू नका.” वसतिगृहाचे आणि शुल्काचे मिळून अठ्ठ्याहत्तर हजार रुपये तो फोनवरच्या रमीत घालवून बसला होता. सहा आठवड्यांत, तेही बहुतेक अंथरुणात पडल्या पडल्या. शेजारच्या खाटेवरच्या मित्रालाही पत्ता नव्हता. मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले आणि नांदेडला बहिणीला काही कळवले नाही. त्या वेळी हे मला समंजसपणाचे लक्षण वाटले होते.

याचे एक कारण माझ्या मतांत होते. प्रौढ माणसाने आपल्या पैशाचे काय करावे हे सरकारने सांगू नये, असे मी वर्गात आणि वर्गाबाहेर अनेकदा बोललो आहे. शिवाय साहित्याच्या माणसाला जुगाऱ्याविषयी छुपे ममत्व असते. दस्तयेवस्कीने १८६६ साली ‘जुगारी’ ही कादंबरी सव्वीस दिवसांत सांगून लिहवून घेतली, ही हकीकत मी विद्यार्थ्यांना किती रंगवून सांगत आलो आहे! ती ज्या कर्जापायी लिहावी लागली त्या कर्जाविषयी मात्र मी एका वाक्याहून अधिक कधी बोललो नव्हतो.

भाच्याचा फोन आल्यानंतर मी कायद्याची पुस्तके उघडली. १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा अधिनियम झाला तेव्हा अवध खालसा होऊन अकरा वर्षे लोटली होती. तो कायदा घर शोधतो: भिंती, खोली, आवार, आणि त्यातून नफा घेणारा मालक. ज्या खेळात निव्वळ कौशल्य आहे त्याला त्याने वगळले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले, आणि त्या ‘कौशल्य’ या एका शब्दाच्या आधारावर पुढे फोनवरच्या रमीचा अवाढव्य व्यापार उभा राहिला. कौशल्य त्यात आहेच. आमच्या घरी गोकुळाष्टमीच्या रात्री रमी चाले तेव्हा माझी आत्या सगळ्यांना धूळ चारत असे. पण त्या रमीत पत्ते पिसावे लागत, कोणी तरी चहाला उठे, कोणाचे मूल रडे, हिशेबावरून वाद होई. फोनमधल्या रमीत पिसणे नाही, उठणे नाही. डाव संपला की दुसरा समोर हजर. हरलेल्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणायला जी फट लागते ती यंत्राने बुजवून टाकली आहे. कौशल्य की दैव, या वादात आपले न्यायशास्त्र शतकभर गुंतले, आणि घात भलत्याच ठिकाणी झाला, असे मला वाटते.

राज्यसंस्थेचे या बाबतीतले वर्तन फार जुन्या वळणाचे आहे. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून सगळा जुगार एका ठिकाणी आणायला सांगितले आणि जिंकलेल्या रकमेत शेकडा पाचाचा वाटा ठेवला. आमच्या सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत भरल्या जाणाऱ्या पैशांवर शेकडा अठ्ठावीस कर बसवला, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद करणारा कायदा केला. त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या फोनवर पत्त्यांचा खेळ दिसल्याची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेले बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. महिनाअखेर त्यांचे कृषिखाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडाखाते आले. विनोदी लेखकाने असे लिहिले असते तर संपादकाने ते अतिरंजित म्हणून परत पाठवले असते.

या नव्या कायद्यात मला मनापासून पटलेली एक गोष्ट आहे. तो खेळणाऱ्याला गुन्हेगार मानीत नाही. खेळवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला धरतो. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. पण सरकारी लॉटरीला त्याने हात लावलेला नाही. महाराष्ट्राने आपली लॉटरी १९६९ मध्ये सुरू केली. माझे वडील शाळामास्तर. माझ्या लहानपणी ते दर पंधरवड्याला एक तिकीट आणून देव्हाऱ्यात ठेवीत. आई त्यावरून त्यांची थट्टा करी, सोडतीच्या दिवशी शेजारीही विचारपूस करीत. त्या तिकिटाचा मोह लहान नव्हता. पण घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्याला मर्यादा पडत होती.

प्रेमचंदांनी १९२४ साली ‘शतरंज के खिलाड़ी’ लिहिली ती याच शहरावर. राज्य बुडत असता बुद्धिबळात गढलेले दोन सरदार म्हणजे विलासाचे प्रतीक, असे आपण ती शिकवतो. परवा ती पुन्हा वाचताना मला वेगळेच काही दिसले. त्या दोघांना खेळायला जागा मिळत नाही. एकाची बेगम सोंगट्या उधळते, दुसऱ्याच्या घरीही निभाव लागत नाही. शेवटी त्यांना गोमतीपलीकडच्या पडक्या मशिदीत जावे लागते. लपण्यासाठी एवढी पायपीट! सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात त्यांना जिवंत ठेवले आणि शेवटी इंग्रजी पद्धतीने, म्हणजे अधिक वेगाने, नवा डाव मांडायला लावला. आज मशीद, नदी आणि वेग हे सगळे एका खिशात मावते.

दसऱ्याच्या सुट्टीत भाचा माझ्याकडे आला. वाळला होता. ज्या खेळात त्याचे पैसे गेले तो आता बंद झाला होता. पण परदेशातून चालणाऱ्या तसल्याच खेळांचे निरोप फोनवर येतच होते. तो आवाज झाला की त्याचा हात आपसूक खिशाकडे जाई. मला ‘मृच्छकटिका’तला संवाहक आठवला. देवलांमुळे ते नाटक मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचे आहे. दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक पळतो, उलट्या पावलांनी रिकाम्या देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. शोधायला आलेले दोघे त्याला ओळखतात, पण धरीत नाहीत. त्याच्यासमोर खेळायला बसतात. दान पडल्याचा आवाज होताच दगडाचा देव पुढे सरसावतो. पुढे वसंतसेना आपले कंकण देऊन त्याचे ऋण फेडते. मी स्वतःला वसंतसेनेच्या जागी ठेवले होते; परंतु तिचे दान उघड होते, आणि मी मात्र पैसे देऊन त्या देवळाचे दार बाहेरून ओढून घेतले होते.

एका संध्याकाळी त्याला खाली ओट्यावर नेले. जरदोजीवाल्या बुजुर्गांनी घोड्यावर बोट ठेवले होते आणि ते उचलत नव्हते. टपालखात्यातील गृहस्थांनी वर न पाहताच भाच्याला सांगितले, “बरखुरदार, ज़रा चाय कह आइए.” त्याने उठताना फोन माझ्या हातात दिला. तो कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत फोन दोनदा वाजला. मी पडदा उलटा करून मांडीवर ठेवला.

तो परत आला तेव्हा मी म्हटले, “दिवाळीत ताईला सांगायला हवे. मी सांगेन.”

“आईला मी मागेच सांगितलं,” तो म्हणाला. “तुम्ही पैसे दिलेत तेही.”

“मग? काय म्हणाली?”

“भाऊबीजेपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही म्हणाली.”

तीन आठवडे तिचा फोन आला नव्हता हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. पटावर घोडा अजून जागचा हलला नव्हता. भोवतालचे दोघे-तिघे त्याची चाल सांगू लागले होते, आणि भाचाही त्यांत होता.