कोचीला निघण्याआधी



यंदा दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही घरचे पाचजण कोचीला जाणार आहोत. नवस नाही, लग्न नाही, कुणाचा दीक्षाविधी नाही, नुसती सुट्टी. गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर ही बातमी सांगितली, तेव्हा दोन प्रश्न लगेच आले. एक, वेलांकणीला का नाही? दुसरा, घाट उतरला की गोवा आहे, मग समुद्रासाठी एवढ्या लांब कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पायऱ्यांवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहीत आहोत. शिवाय लहान लेकरं घेऊन निघणाऱ्या कुटुंबांना यातलं काही उपयोगी पडेल.

थोरली आठ वर्षांची आहे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वर्गाला जाते. जूनमध्ये वर्गातल्या एका मुलाने तिला सांगितलं, की तुमचा देव जहाजातून आला आणि तुम्ही पण. मूल आहे, घरी कुणाचं तरी ऐकून बोललं असेल. थोरलीने घरी येऊन दप्तर टाकलं आणि विचारलं, “आपण पोर्तुगीज आहोत का?” आजी खूप हसल्या. ती मात्र हसली नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेला बारीक क्रूस ती गळ्यात घालायची, तो आता कंपासपेटीत असतो. आम्ही त्यावरून तिला काही म्हटलेलं नाही.

प्रश्न तसा सोपाही नाही. आमचं आडनाव पोर्तुगीज वळणाचं. घराण्याची एक बाजू गोव्यातून घाटावर आलेली, दुसरी खानापूर तालुक्यातली. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि आजींची जपमाळ कोकणीत. तिला जुन्या गोव्याला नेलं असतं, तर तिथली भव्य मंदिरं तिला नक्की आवडली असती. पण ती सगळी १५१० नंतरची, पोर्तुगीजांच्या काळातली. त्या मुलाचं म्हणणं खरंच होतं, असं तिला वाटलं असतं. कोचीत मात्र एका दिवसाच्या पायपिटीत तिला दिसू शकतं, की गोष्ट जहाजाच्या बरीच आधी सुरू झाली. संत थॉमस इसवी सन ५२ मध्ये कोचीच्या उत्तरेला कोडुंगल्लूरजवळ किनाऱ्याला लागला, अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला, तेव्हा केरळात ख्रिस्ती कुटुंबं शेकडो वर्षं नांदत होती आणि त्यांची उपासना सिरियाक भाषेत चालत होती. ही भाषा प्रभू येशूच्या बोलीच्या अगदी जवळची. रोमचं लॅटिन त्यांच्या उपासनेत नव्हतं.

लग्नानंतरच्या वर्षी आम्ही दोघे कोचीला जाऊन आलो आहोत, त्यामुळे गाव ओळखीचं आहे. पण तेव्हा सकाळी सातला निघून रात्री नऊला परतत होतो. आता धाकटा चार वर्षांचा, आणि आजींचे गुडघे सत्तरीतले. म्हणून नियम केला: सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी एक, दुपारी सगळे झोपणार. ऑक्टोबरात तिकडे परतीचा पाऊस असतो, बहुतेक दुपारनंतर गडगडाटासह येतो, त्यामुळे झोपेचं वेळापत्रक देवानेच आखून दिलं आहे. राहणं फोर्ट कोचीत, एका कुटुंबाने चालवलेल्या होमस्टेमध्ये. हॉटेलपेक्षा तिथे मुलांसाठी मऊ भात किंवा दूध मागायला संकोच वाटत नाही. अप्पम आणि बिनतिखट स्ट्यू ही दोन नावं ध्यानात ठेवा, लहान मुलांचं त्यावर निभतं. आणि मच्छरदाणी न्या. कोचीच्या डासांबद्दल आम्ही प्रेमाने काही लिहू शकत नाही.

बेळगावहून थेट जाणारी पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच आहे, तिचा वार आम्हाला जुळला नाही. म्हणून बसने मडगाव, तिथे नातेवाइकांकडे मुक्काम, आणि मग कोकण रेल्वेने एर्नाकुलम. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलाला बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसावं लागलं. धाकटा नोव्हेंबरात पाच पूर्ण करतो. आजी म्हणतात, प्रभू सगळं वेळेवर करतो.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्याने जाता येतं, पण मुलं असतील तर बोटच घ्यावी. सरकारी फेरीबोट आहे, आणि आता वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटीही सुरू झाल्या आहेत. धाकट्याला आम्ही सांगितलं आहे, की ही पाण्यावरची रेल्वे आहे. त्याच्या दृष्टीने सहल तिथेच पूर्ण होते. फोर्ट कोचीचा किनारा फिरायला छान, पाण्यात उतरायला नाही. त्यासाठी एक सकाळ रो-रो बोटीने वायपीनला जाऊन चेराईच्या किनाऱ्याला द्यायची.

पहिली संध्याकाळ चिनी जाळ्यांपाशी. सागवान आणि बांबूच्या त्या उंच सांगाड्यांना दोरांनी मोठमोठे दगड बांधलेले असतात. चार-सहा माणसं दोर ओढतात, दगडांच्या भाराने जाळं वर येतं, आणि पुष्कळदा त्यात मूठभर मासळी आणि पाणवेली निघतात. लगेच पुन्हा खाली. लूकलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात पेत्र रात्रभर राबून रिकाम्या हाताने जाळी धूत बसलेला आहे, तो थोरलीला तोंडपाठ आहे. पण रिकामं जाळं वर येताना त्या माणसांचे चेहरे कसे होतात, हे वर्गात शिकवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सेंट फ्रान्सिस चर्च, म्हणजे १५०३ सालची जागा. वास्को द गामा १५२४ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, कोचीतच वारला आणि इथेच पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, खाली राहिली ती रिकाम्या कबरीची शिळा. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली आणि चर्च त्यांचं झालं, मग इंग्रजांचं, आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे. छताला जुने दोरीचे पंखे अजून टांगलेले आहेत. जहाजवाला गेला, त्याची हाडंही गेली, प्रार्थना मात्र चालूच आहे. थोरलीला हे आम्ही सांगणार नाही. शिळा पाहून ती काय विचारते, ते आधी ऐकायचं आहे.

मट्टांचेरीचा दिवस ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी बंद, तेव्हा आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस धरा. परदेसी सिनेगॉग १५६८ चं, फरशा चीनहून आणलेल्या, प्रत्येकीवर हाताने काढलेलं निळं चित्र. चपला बाहेर काढाव्या लागतात, मुलांचे कपडेही अंगभर असावेत. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजेच शनवार तेली, यांना धर्मशिक्षण द्यायला पूर्वी कोचीचे यहुदी येत असत. एवढं सांगितलं की मुलांना ती इमारत परकी राहत नाही.

तिथून जवळच चेरलाई आहे. आजींना तिथे न्यायचंच असं ठरलं, कारण तिथे कोकणी चालते. सोळाव्या शतकात गोव्यातून बाहेर पडलेली सारस्वत कुटुंबं कोचीला आली, त्यांचं मोठं देऊळ तिथे आहे, आणि घरात अजून कोकणी बोलतात. ती गोवा सोडून का आली, हेही थोरली विचारणारच. यावर आमच्यात दोन रात्री बोलणं झालं. आजींचं म्हणणं, पोर आधीच दुखावलंय, तिला आणखी कशाला? पण ज्या राज्यकर्त्यांच्या काळात आमच्या पूर्वजांच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, त्यांच्याच जाचाने या शेजाऱ्यांनी देव काखेत घेऊन गाव सोडलं, हे तिला कधीतरी दुसऱ्या कुणाकडून कळणार. त्यापेक्षा आमच्याकडून कळू दे, आणि तिथल्या एखाद्या म्हातारीशी आजी कोकणीत गप्पा मारत असताना कळू दे. आजींनी शेवटी मान हलवली. मनापासून की आमचं मन राखायला, ते त्यांनाच ठाऊक.

मट्टांचेरीतच कूनन क्रूस आहे. ३ जानेवारी १६५३ रोजी संत थॉमसच्या परंपरेतले ख्रिस्ती तिथे जमले आणि पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांच्या दडपणाविरुद्ध त्यांनी शपथ घेतली. क्रूसाला सर्वांचे हात पुरेनात म्हणून दोर बांधून ते दोर धरले, आणि ओढीने क्रूस कलला, अशी आठवण सांगतात. आम्ही लॅटिन विधीचे कॅथलिक, म्हणजे त्या भांडणात दुसऱ्या बाजूचे. तरी तिथे उभं राहून एक जपमाळ म्हणायची इच्छा आहे. आठ वर्षांच्या मुलीला शपथेचं राजकारण कळणार नाही, दोर धरणं मात्र नक्की कळेल.

वेलांकणीच्या प्रश्नाचं उत्तर वल्लारपाडम. एर्नाकुलमहून पुलाने जाता येतं. १७५२ मध्ये वादळात होडी बुडाली, तेव्हा मीनाक्षी अम्मा नावाची एक नायर बाई तान्ह्या लेकरासह पाण्यात गेली आणि पवित्र मरियेच्या कृपेने जिवंत सापडली, असं तिथे सांगतात. तिने उरलेलं आयुष्य मातेच्या सेवेत घालवलं. आजही भाविक तिथलं अंगण झाडतात. हे ऐकल्यावर आजींनी वेलांकणीचा विषय सोडला आणि झाडू तिथे मिळतो की घरून न्यायचा, एवढंच विचारलं.

रविवारची मिस्सा सांताक्रूझ बासिलिकात. तिचं जुनं मंदिर इंग्रजांनी पाडलं, आजचं १९०५ सालचं. भाषा मल्याळम असली तरी कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे, हे मुलांना बरोबर कळेल.

राहिली गर्दीची काळजी. बारा वर्षांचा येशू सोबतच्या मंडळींत असेल असं समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालले होते. पवित्र कुटुंबाची ही गत, तर आमची काय! म्हणून मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी, आणि धाकटा ज्याच्याकडे असेल त्याने मोठ्याने म्हणायचं, “आता माझ्याकडे.” घरात सराव सुरू झाला आहे. धाकटा स्वतःच ओरडतो, “मी कुणाकडे?”

ऑक्टोबर जपमाळेचा महिना, आणि त्या आठवड्यातल्या गुरुवारची जपमाळ आमच्या घरी होती. ती आता मागच्या गल्लीतल्या कुटुंबाने घेतली आहे, वेळ तीच, साडेसात. पुस्तिका आणि मेणबत्त्यांचा डबा आम्ही निघण्याआधी त्यांच्याकडे पोचवू. आमच्यासाठी, विशेषतः थोरलीसाठी, त्या दिवशी एक मणी जास्त म्हणा.