नाव एक, दाह अनेक

दम्याचा रोगी ज्या घरात असतो, त्या घराची रात्र निराळी असते. पहाटे तीनच्या सुमारास अंथरुणावर उठून बसलेला माणूस, मांडीवर ओढून घेतलेली उशी, छातीतून उमटणारी बारीक शीळ आणि शेजारच्या खोलीत डोळे मिटून जागी असलेली त्याची पत्नी किंवा आई, हे चित्र घरोघरी सारखेच असते. चित्र सारखे म्हणून आजारही सारखाच, अशी सर्वांची सहज समजूत होते. मग सल्ले सुरू होतात. अमक्याला या पंपाने आठ दिवसांत आराम पडला, तमक्याचा दमा त्या गोळीने गेला. तेच औषध घेऊनही ज्याला गुण येत नाही, त्याच्याकडे मात्र हळूहळू संशयाने पाहिले जाते. पथ्य पाळत नसेल, औषध वेळेवर घेत नसेल, मनाचाच आजार असेल, असे म्हणणारे परके नसतात, घरचेच असतात.

या संशयात कधीकधी तथ्यही असते. पंप ओढण्याची पद्धत चुकते, बरे वाटू लागताच औषध सुटते, घरात धूम्रपान चालू राहते, नाकाचे जुने दुखणे तसेच राहून जाते. म्हणून चांगला वैद्य औषध वाढवण्यापूर्वी या सगळ्या गोष्टी तपासतो आणि पुष्कळांचा दमा तेवढ्यानेच आटोक्यात येतो. परंतु सगळे नियम पाळूनही ज्यांचा श्वास मोकळा होत नाही, असे काही रोगी उरतातच. दम्याच्या शंभर रोग्यांत असे साधारण पाच ते दहा असावेत, असे मानले जाते. यालाच तीव्र दमा म्हणतात. इथे दोष रोग्याच्या वागण्यात शोधून भागत नाही, श्वासनलिकेच्या आत डोकावावे लागते.

दम्यात श्वासनलिकेचे अस्तर सुजते, चिकट कफ साठतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात. या सुजेच्या मुळाशी दाह असतो. मात्र हा दाह पेटवणाऱ्या पेशी सर्व रोग्यांत एकच नसतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी 1879 मध्ये रक्तातील काही पांढऱ्या पेशी इओसिन नावाचा लालसर रंग आपल्या कणांत धरून ठेवतात, हे दाखवून दिले. त्या पेशींना इओसिनोफिल म्हणतात. रक्ताच्या अहवालात ‘इओसिनोफिल वाढलेत’ हे वाक्य पुष्कळ घरांनी ऐकलेले असते. त्या वाक्यात एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, हे कळायला मात्र फार काळ जावा लागला.

1950 नंतरच्या दशकात कॉर्टिसोन हे नवे स्टिरॉइड औषध दम्यावर वापरले जाऊ लागले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची रीतसर चाचणी केली. 1956 मध्ये तिचा निष्कर्ष आला तो निराश करणारा होता. जुनाट दम्यात या औषधाचा टिकाऊ फायदा दिसला नव्हता. त्याच सुमारास इंग्लंडमधील डर्बी शहराच्या छातीरोग दवाखान्यात डॉ. हॅरी मॉरो ब्राउन काम करत होते. त्यांनी केलेली गोष्ट अगदी साधी होती. रोग्याचा कफ त्यांनी काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्यांच्या कफात इओसिनोफिल भरपूर होते, त्यांना प्रेडनिसोलोनने उत्तम गुण आला. ज्यांच्या कफात ते नव्हते, त्यांना फारसा आला नाही. 1958 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. याचा अर्थ औषध निकामी नव्हते आणि रोगीही खोटे नव्हते. भिन्न दाहाच्या माणसांना एकाच पंक्तीत बसवून सर्वांची सरासरी काढली गेली होती आणि त्या सरासरीत गुण आलेला माणूस दिसेनासा झाला होता.

हा धडा पुढे बराच काळ मागे पडला. डर्बीहून जवळच असलेल्या लेस्टर शहरात 2002 मध्ये एक अभ्यास पुरा झाला. मध्यम ते तीव्र दम्याच्या 74 रोग्यांचे दोन गट केले गेले. एका गटाचे औषध नेहमीच्या रीतीने, म्हणजे लक्षणे आणि श्वासाची ताकद पाहून ठरवले गेले. दुसऱ्या गटाचे औषध कफातील इओसिनोफिल मोजून कमी-जास्त केले गेले. वर्षभरात पहिल्या गटाला दम्याचे 109 तीव्र झटके आले, दुसऱ्याला 35. विशेष म्हणजे दोन्ही गटांना दिलेल्या स्टिरॉइडची सरासरी मात्रा जवळपास सारखीच होती. तेच औषध आणि तितकेच औषध, फक्त ज्याला हवे त्याला ते जास्त मिळाले आणि ज्याला नको त्याला कमी.

मेपोलिझुमॅब या इंजेक्शनची कथाही तशीच आहे. इओसिनोफिलांना वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-5 या रेणूला ते अडवते. सुरुवातीच्या चाचण्यांत इओसिनोफिल घटले, पण दम्यात म्हणावा तसा फरक पडला नाही, आणि औषध बाजूला पडण्याची वेळ आली. 2009 मध्ये लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांनी फक्त असेच रोगी निवडले, ज्यांच्यात उपचार चालू असूनही इओसिनोफिल टिकून होते. आता त्याच औषधाने झटके कमी झाले. 2015 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बदलले होते ते रोग्याकडे पाहण्याचे भान.

आज तीव्र दम्याच्या रोग्यांचे कफातील पेशींवरून ढोबळमानाने चार गट केले जातात. काहींत इओसिनोफिल जास्त असतात. काहींत न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. सिगारेटचा धूर, प्रदूषण आणि जंतुसंसर्ग यांच्याशी त्यांचे नाते असते. काहींत दोन्ही वाढलेल्या असतात आणि काहींत दोन्ही नसतात, तरी नळ्या आवळतच राहतात. इओसिनोफिलांच्या दाहाला स्टिरॉइड शमवते. न्यूट्रोफिलांवर मात्र त्याचा तसा प्रभाव पडत नाही, उलट त्यांचे आयुष्य काहीसे लांबते. ज्याला गुण येत नाही त्याला अधिकाधिक स्टिरॉइड देत राहिले, तर दमा आहे तिथेच राहतो आणि हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मोतीबिंदू होणे ही किंमत मात्र शरीराला मोजावी लागते. इथे दाहाची ओळख हा पंडितांचा विषय राहत नाही, तो एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा प्रश्न होतो.

ही ओळख पटवण्याची साधने फार अवघड नाहीत. रक्तातील इओसिनोफिलांची मोजणी लहान गावातही होते. उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजण्याची आणि मिठाच्या पाण्याची वाफ देऊन कफ तपासण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत असते. मात्र आकडा हाती आला म्हणजे निकाल लागला असे नाही. आपल्या देशात जंतांमुळे किंवा हत्तीरोगाच्या कृमींमुळेही इओसिनोफिल वाढतात. ॲस्परजिलस या बुरशीची ॲलर्जी दम्याला चिवट बनवते आणि तिचे उपचार वेगळे असतात. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना हा आकडा खाली दबलेला दिसतो. शिवाय एकाच रोग्याचा दाह काळानुसार बदलूही शकतो. म्हणून तपासणी एकदाच करून भागत नाही आणि तिचा अर्थ लावायला जाणता वैद्यच हवा. नवी इंजेक्शने महाग आहेत, सर्वांना परवडणारी नाहीत. इओसिनोफिल नसलेल्या दम्यावरचे उपाय अजून थोडे आहेत. तरीही कोणत्या औषधाचा उपयोग नाही, हे वेळीच कळणे हाही उपचारच आहे.

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे वचन आपल्या बोलण्यात सहज येते, पण आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर त्याचा विसर पडतो. शेजाऱ्याच्या औषधाची चिठ्ठी आपल्या माणसाला लावू नये. चालू असलेले स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये, कारण त्यात जिवाला धोका असतो. झटके वारंवार येत असतील, तर औषध वाढवण्याबरोबरच ‘याचा दाह कोणत्या जातीचा आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे, पण जरूर विचारावा. आणि ज्याला गुण येत नाही, त्याच्यावर दोष ठेवण्याची घाई करू नये. श्वास अपुरा पडत असताना माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही. ती त्याच्या जवळच्यांनी मांडायची असते.