धुरेवरचे वजन

बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल की गाडीत माल किती घातला यापेक्षा तो कोठे घातला, याकडे गाडीवानाचे लक्ष अधिक असे. आमच्या खानापूर भागात भाताची पोती रचताना जुने गाडीवान मधूनमधून धुरी हाताने उचलून पाहत. माल मागे अधिक झाला तर गाडी उलळते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा त्यांना आवळू लागतो. पुढे अधिक झाला तर सारा भार मानेवर येतो आणि उतारावर जनावर गुडघे टेकते. धुरेवर वजन हवे, पण बेताचे हवे, हे त्यांचे सूत्र. ते कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते आणि कोणत्याही शाळेत शिकविले जात नव्हते.

गतवर्षी उन्हाळी सुटीला थोडी रजा जोडून आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी गेलो होतो. तेथे हेच सूत्र मला पौंडांच्या आणि डॉलरांच्या भाषेत पुन्हा भेटले.

आमचे जावई संगणकक्षेत्रात काम करतात. त्यांचे काम घरी बसून होते, आणि घर जर चाकांवर असेल तर रानावनात बसूनही होते. तेव्हा मुले लहान आहेत तोवर प्रत्येक सुटीत त्यांना घेऊन त्या खंडप्राय देशातील राष्ट्रीय उद्याने पाहावीत, असे उभयतांनी ठरविले होते आणि त्यासाठी एक मोठी घरगाडी पसंतही करून ठेवली होती. निजण्याची खोली, स्वयंपाकघर, स्नानगृह, मुलांसाठी माळ्यासारखी जागा, असा जवळजवळ चाळीस फूट लांबीचा तो संसार होता. त्याला स्वतःचे इंजिन नसते; पिकअप ट्रकने तो ओढावयाचा. ट्रक तेवढा घ्यावयाचा राहिला होता.

या प्रकारच्या घरगाडीला तिकडे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक, म्हणतात. मला वाटले, मागे लावलेले जादा चाक असेल. पण शब्दाचे मूळ शोधणे ही आम्हां भाषाशिक्षकांची जुनी खोड. शोधता कळले की घोड्यांच्या चारचाकी गाडीत पुढचा कणा वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत. जमिनीला न टेकणारे ते पाचवे चाक. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या. १९१४ साली डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने एका लाकूडव्यापाऱ्याची नाव वाहून नेण्यासाठी फोर्डच्या मोटारीमागे जोडगाडी बांधून दिली. त्यानंतर मालट्रकच्या जोडणीत हे आडवे चाक रुळले आणि विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी घरगाडीसाठीही ते वापरले. साधी जोडगाडी वाहनाच्या शेपटीला अडकवितात. फिफ्थ व्हीलची खुंटी मात्र ट्रकच्या हौद्यात, मागच्या कण्याच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसते. त्यामुळे वाऱ्यावावदानात ती शेपटीसारखी हेलकावत नाही. पण या स्थैर्याची किंमत असते. साध्या जोडगाडीचा दहा ते पंधरा टक्के भार ओढणाऱ्यावर येतो, तर फिफ्थ व्हीलचा पंधरापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत थेट ट्रकच्या पाठीवर येतो. म्हणजे गाडीवानाच्या भाषेत, ही गाडी मुळातच धुरेवर जड.

जावयांनी जो ट्रक हेरला होता तो देखणा होता. तिकडे पिकअप ट्रकांचे अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन असे तीन वर्ग मानतात. फोर्डचे १५०, २५० आणि ३५० किंवा इतर कंपन्यांचे १५००, २५०० आणि ३५०० हे आकडे त्याच वर्गांचे. या नावांचा आजच्या प्रत्यक्ष क्षमतेशी संबंध उरलेला नाही. ‘पंचपाळे’ म्हटले तरी आत सहा वाट्या असाव्यात, तसा हा प्रकार. हा ट्रक पाऊण टनी वर्गाचा, डिझेल इंजिनाचा होता. विक्रेत्याने छातीवर हात ठेवून सांगितले होते की हा वीस हजार पौंड ओढतो. तुमची घरगाडी भरून पंधरा हजारांची. मग चिंता कसली? जावयांनी तेच मला सांगितले. "आप्पा, पाच हजार पौंडांची सवलत हाताशी आहे."

येथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. जावयाच्या घरी राहून जावयाला उपदेश करणे आपल्याकडे शोभत नाही. पैसा त्यांचा, निर्णय त्यांचा, आणि वाहनांविषयी माझे ज्ञान शाळेच्या सायकल-स्टँडपुरते. पण त्या ट्रकमध्ये माझी मुलगी आणि दोन नातवंडे बसणार होती, आणि डेन्व्हरहून पश्चिमेकडे निघाले की पहिल्याच दिवशी रॉकी पर्वताची चढण लागते. रात्री झोप येईना. विक्रेत्याच्या बोलण्यात ‘ओढतो’ हे एकच क्रियापद होते. गाडीवान आणखी दोन क्रियापदे विचारतो: ‘पेलतो का?’ आणि ‘आवरतो का?’

दुसऱ्या दिवशी आम्ही तो ट्रक पुन्हा पाहावयास गेलो. चालकाचे दार उघडले की खांबावर एक छोटी पट्टी चिकटविलेली असते. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक किलो अथवा अमुक पौंडांहून कधीही अधिक असू नये, असे तिच्यावर त्या विशिष्ट वाहनाचे नाव घेऊन लिहिलेले असते. जाहिरातीतला आकडा त्या जातीतल्या सर्वांत अनुकूल ट्रकचा. पट्टीवरचा आकडा समोर उभ्या असलेल्या ट्रकचा. मी इतकेच केले, की चौथीत शिकणाऱ्या नातीला ती पट्टी वाचावयास सांगितले. आकडा होता १,०५० किलो.

घरी येऊन आम्ही आजोबा-नात गणित करावयास बसलो. घरगाडी भरून पंधरा हजार पौंड, म्हणजे सुमारे ६,८०० किलो. तिचा वीस टक्के भार ट्रकवर धरला तर १,३६० किलो. हौद्यात बसवावयाच्या जोडयंत्राचे ९०. चालकासह चार माणसांचे मिळून २४०. हत्यारे, जनित्र आणि इतर चीजवस्तू ९०. बेरीज १,७८० किलो. त्यातून १,०५० वजा जाता अधिक झाले ७३० किलो. नातीला ७३० किलो म्हणजे किती हे समजेना. मी सांगितले, सिमेंटची जवळजवळ पंधरा पोती. तिने कागदावर पंधरा पोती काढली आणि कागद जेवणाच्या मेजावर ठेवून ती खेळावयास निघून गेली.

संध्याकाळी जावयांनी तो कागद पाहिला. ते काही बोलले नाहीत; पण उशिरापर्यंत दिवा जळत होता. सकाळी ते म्हणाले, "वीस टक्के कशावरून? पंधरा धरले तर?" प्रश्न रास्त होता. पंधरा टक्क्यांनी भार १,०२० किलो होतो, आणि नुसत्या त्यानेच पट्टीवरचा आकडा जवळजवळ संपतो. माणसे बसावयाची आहेतच. मग आम्ही दोघांनी मिळून जे वाचले, त्यातून पुष्कळ उलगडा झाला. ट्रक किती ओढतो हे ठरविण्याची अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेची एक प्रमाण कसोटी आहे. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे साडेअकरा मैलांचा चढ भर उन्हात, वातानुकूलन चालू ठेवून, ठरावीक वेगाखाली न जाता चढणे हा तिचा एक भाग. कसोटी कडक आहे आणि आकडा खोटा नसतो. पण तो मोजताना ट्रकमध्ये जेमतेम दोन माणसे धरतात. चार माणसांचे बिऱ्हाड धरीत नाहीत. शिवाय पाऊण टनी वर्गातील पुष्कळ ट्रकांचे स्वतःसह एकूण वजन दहा हजार पौंडांच्या मर्यादेत बसविलेले असते. डिझेल इंजिन जात्याच जड. जितके इंजिन बलवान, तितके ते या मर्यादेतील वजन आपणच खाते. म्हणून ओढण्याचे बळ वाढते आणि पेलण्याचे घटते. हे वाचून जावई हसले. म्हणाले, "आमच्या कचेरीतही असे काही लोक आहेत."

विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने खांदे उडविले. सगळेच असे नेतात, मागे हवेच्या पिशव्या बसवा, ट्रक बसणार नाही. पिशव्यांनी ट्रकची पाठ सरळ दिसते हे खरे. पण कण्याची, टायरांची आणि ब्रेकची मर्यादा त्याने तसूभर वाढत नाही. वाकलेल्या माणसाला ताठ उभे केल्याने त्याच्या डोक्यावरचा हारा हलका होत नाही.

आता दोन मार्ग होते: घरगाडी लहान घेणे, किंवा ट्रक मोठा घेणे. लहान घरगाडीत मुलांची जागा जात होती. एक टनी ट्रक, मागे दोन्ही बाजूंना जोडचाके असलेला, नवा घ्यावा तर खर्च आवाक्याबाहेर. शिवाय तो इतका रुंद की गॅरेजमध्ये मावत नाही आणि बाजाराच्या वाहनतळावर दोन जागा अडवितो. दोन दिवस घरात विचार चालला. शेवटी मुलीने मार्ग काढला. नवा पाऊण टनी घेण्याऐवजी तेवढ्याच पैशांत तीन वर्षे वापरलेला एक टनी घ्यावा आणि तो अंगणात उभा करावा. जावयांना नव्या वाहनाची हौस होती, ती त्यांनी बाजूला ठेवली. ही गोष्ट माझ्या लेखी ट्रकच्या किमतीहून मोठी आहे.

इतक्या मोठ्या ट्रकवर ती पट्टी असलीच पाहिजे असा नियम नाही. पण त्याचे स्वतःसह अनुज्ञेय एकूण वजन दारावर छापलेले असते: १४,००० पौंड, म्हणजे ६,३५० किलो. म्हणून सौदा करण्यापूर्वी इंधनाची टाकी भरून ट्रक काट्यावर नेला. तो ३,९०० किलो भरला. म्हणजे पेलावयास उरले २,४५०. आमची बेरीज १,७८०. गाडीवान याला ‘हात राखून भरणे’ म्हणतो. हौदाही आठ फुटी निघाला. आखूड हौद्यात काटकोनी वळण घेताना घरगाडीचा कोपरा ट्रकच्या टपाला भिडू शकतो आणि त्यासाठी मागे सरकणारे खास जोडयंत्र लागते. ती यातायात वाचली.

घरगाडी जोडून सर्व सामान आणि पाणी भरल्यावर पुन्हा काट्यावर गेलो. तिकडे महामार्गावरील ट्रकथांब्यांवर असे काटे असतात की पुढचा कणा, मागचा कणा आणि जोडगाडीचे कणे यांचे वजन एकाच वेळी वेगवेगळे मिळते. एकदा जोडून आणि एकदा सोडून वजन केले की वजाबाकीने धुरेवरचा भार कळतो. माणसांसह नुसता ट्रक ४,३२० किलो आणि जोडल्यावर ५,६४०. भार १,३२०, अगदी आमच्या वीस टक्क्यांजवळचा. घरगाडीच्या कण्यांवर ५,२३० किलो. ही सारी वरात जवळजवळ अकरा टनांची. नातीने वजाबाकी स्वतः केली आणि माझी चूक निघते का, म्हणून पुन्हा एकदा तपासली.

मे महिन्याच्या अखेरीस पहिला प्रवास झाला आणि गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणून आम्ही उभयताही मागे मुलीच्या मोटारीतून निघालो. आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. पातळ हवेत साध्या पेट्रोल इंजिनाचे बळ दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. टर्बो बसविलेले डिझेल इंजिन मात्र पुष्कळसा दम टिकविते. चढ तर पार पडला. खरी परीक्षा बोगद्यापलीकडे होती. तेथील उतार सात टक्क्यांपर्यंत जातो, आणि ज्यांचे ब्रेक निकामी होतात अशा मालट्रकांसाठी कडेला खडीचे चढते पट्टे करून ठेवले आहेत. ते पट्टे पाहिले की बोधवाक्याची गरज उरत नाही. चढावर आपण घर ओढतो. उतारावर घर आपल्याला ढकलते.

जावयांनी बोगद्यातून बाहेर पडतानाच खालचा गिअर टाकला होता. धुराच्या वाटेने इंजिन अडविणारा जो ब्रेक या डिझेल ट्रकांत असतो, तो चालू केला होता. पायाचा ब्रेक ते अखंड दाबून ठेवीत नव्हते; वेग वाढला की नेटाने दाबीत, कमी झाला की सोडीत. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. घरगाडीचे स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक होते आणि त्यांचे नियंत्रण चालकाच्या हाताशी. जोडणी दुर्दैवाने तुटलीच, तर एक तार ओढली जाऊन घरगाडीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या बॅटरीवर आपोआप लागतात. त्या तारेची तपासणी निघण्यापूर्वी जावयांनी मला बोलावून, माझ्यासमोर केली. "आप्पा, हे पाहून घ्या," एवढेच म्हणाले. सासऱ्याला जावयाकडून याहून मोठा मान मिळावयाचा नाही.

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या लेकीसुना आणि मुले आज त्या देशात संसार करीत आहेत, आणि अशी घरगाडी घेण्याची हौस त्यांच्यातही हळूहळू येत आहे. हौस चांगली आहे. मुलांना देश दाखवावा, त्यासारखे शिक्षण नाही. एवढेच सांगावेसे वाटते की आधी घरगाडी ठरवावी, तीही रिकामी नव्हे तर पूर्ण भरलेली धरून. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा प्राथमिक शाळेतला धडा टाकी भरताना आठवावा. मग तिच्या धुरेवरचा भार काढावा, त्यात माणसे मिळवावीत, आणि त्या बेरजेला पुरून उरेल असा ट्रक शोधावा. विक्रेत्याचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे, आणि त्याचे बोलणे संपले की चालकाचे दार उघडून तिथे काय लिहिले आहे ते आपल्या डोळ्यांनी वाचावे.